दुपारचे फोटो

माझ्या फोटोंमध्ये सगळं जग दुपारचं आहे. समुद्र पांढरा, आकाश पांढरं, माणसांचे डोळे मिचमिचे आणि सावल्या पायाखाली घुसलेल्या. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर जन्म गेला, पण सूर्यास्ताचा एक फोटो माझ्याकडे नव्हता. गणपतीपुळ्याला एका दिवसासाठी आलेला पुण्याचा माणूससुद्धा जाताना दहा घेऊन जातो. आणि मी रत्नागिरीची!

कारण एकच, दिवा. आमच्या घरी तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लागतो आणि तो मी लावते. सासूबाईंनी जाण्याआधी मला जवळ बसवून सांगितलं होतं, "घर बंद ठेवू नको आणि दिवा चुकवू नको." दोन्ही दीर मुंबईला. ते फोनवर न चुकता म्हणतात, "वहिनी, तुम्ही आहात म्हणून घर आहे हो." ऐकायला बरं वाटतं. फोन ठेवला की कळतं, आपल्याला खुंट्याला बांधून वर पाठ थोपटली आहे.

मुलाने नवा कॅमेरा घेतला तेव्हा जुना माझ्याकडे आला. आमच्या आळीत शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई राहतात. गाडी झकास चालवतात. फोटोंची आवड असलेल्या चार-सहा जणांना त्यांनी जमवलंय. रविवारी सकाळी निघायचं, कधी आरे-वारे, कधी पूर्णगड, कधी नुसताच एखादा सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं कातळाचं माळरान. मनसोक्त भटकायचं, फोटो काढायचे आणि संध्याकाळचं ऊन बघून परतायचं. मी पूजा-स्वयंपाक उरकून त्यांच्याबरोबर जाते आणि त्यांना तिथेच सोडून चारच्या एसटीने एकटी परत येते. निघताना आमचे हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणतात, "जा, पण दिवेलागणीच्या आत ये."

परतीच्या वाटेवर एक वळण लागतं. तिथवर येईतो ऊन नुकतं कुठे पिवळं व्हायला लागलेलं असतं, आणि नेमकी तिथेच गाडी वळते नि समुद्र मागे जातो. कितीदा तरी रडू आलंय मला त्या वळणावर. एकदा कंडक्टरने विचारलं, "काकू, बरं नाही का?" म्हटलं, डोळ्यात धूळ गेली.

आणि त्यात तो मासा. इथल्या एका सड्यावर, उघड्या कातळात, कुणी कोणे एके काळी कोरून ठेवलेला मोठाच्या मोठा मासा आहे. बाई सांगायच्या, संध्याकाळी ऊन तिरकं झालं की चरांमध्ये सावली भरते आणि मासा असा लख्ख दिसतो की बस! मी गेले की तिथे काळा कातळ, वाळकं गवत आणि पायांना चटके. खाली बसून बोटांनी चाचपलं की चर हाताला लागायचा, पण दिसायचं म्हणाल तर कप्पाळ. बाई हसायच्या. "वहिनी, मासा आहे तो. भरतीला येतो, आणि तुम्ही याल तेव्हा ओहोटी!" मीही हसायचे. पण आत जळायचं. तो एक फोटो मला हवाच होता. बाकी काही नाही, एक संध्याकाळ आणि तो मासा.

शेवटी एका शनिवारी ह्यांना म्हटलं, "उद्या दिवा तुम्ही लावा."

"मी?"

"तुम्हीच. इथे दुसरं कोण आहे?"

"अगो, ते बायकांचं काम."

झालं! माझं डोकंच फिरलं. "हो का? सासूबाई गेल्यावर महिन्याचे ते चार दिवस कोण लावायचं? तेव्हा देवाला माझा हात चालत नव्हता, तुमचा चालायचा. आता माझे ते दिवस संपले, तर तुमचा हात एकदम बाटला?"

ह्यांचे कान लाल झाले. "लावीन गो बाई, डोकं खाऊ नको."

लोक म्हणतात, ते एकदा थांबलं की बाई सुटते. माझी तर सुटीच गेली. तेव्हाही बाहेर कुठे जाता यायचं नाही म्हणा, पण संध्याकाळी पडवीच्या पायरीवर बसून आभाळ तरी बघता यायचं.

रविवारी मी माशाजवळ बसून राहिले. बाकीचे इकडेतिकडे पांगले होते. खालच्या रस्त्याने चारची एसटी गेली. वाटलं, आत्ता धावत सुटावं. पण बसले दात-ओठ आवळून. मग ऊन उतरायला लागलं. आधी शेपटी दिसली. मग कल्ले, मग पोटावरच्या रेघा, आणि बघता बघता तव्यावर भाकरी फुगावी तसा अख्खा मासा कातळातून वर आला. आई गं! मी लहान पोरीसारख्या टाळ्या पिटल्या. मग फोटो काढले.

सूर्य टेकायला आला तसा ह्यांना फोन केला. "दिवा लावायची वेळ झाली हो."

"लावतो गो, लावतो."

थोड्या वेळाने फोनवर फोटो आला. समई, लखलखीत, पाचही वाती पेटलेल्या. किती बरं वाटलं म्हणून सांगू! सवयीने नमस्कारही केला. मग फोटो जरा मोठा करून बघितला. समईच्या कडेला काडेपेटी होती, अर्धवट उघडी. ती काडेपेटी मी ओळखली. दिवाळीत हा फोटो मीच काढला होता, आणि तेवढी ती काडेपेटी बाजूला सारायची राहिली म्हणून हळहळले होते. तेव्हा घरच्या ग्रुपवर टाकलेला माझाच फोटो ह्यांनी मला पाठवला होता.

उठून उभी राहिले. पण जाणार कुठे? एसटी गेलेली. गाडी बाईंची, आणि बाई कॅमेऱ्याला डोळा लावून बसलेल्या. ज्या संध्याकाळसाठी एवढी तडफडले ती समोर होती, आणि मला तिच्यातून कधी एकदा बाहेर पडते असं झालं होतं. सूर्य बुडाला तेव्हा सगळे "वा!" म्हणाले. मी घराच्या दिशेला तोंड करून उभी होते.

घरी आले तर देवघरात काळोख. हे क्रिकेट बघत बसलेले.

"दिवा लावलात?"

"फोटो पाठवला की."

"अहो, तो दिवाळीतला आहे. मी काढलेला."

ह्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. "मग काय झालं? तुला राहायचं होतं ना तिथे? उगाच जिवाला घोर नको म्हणून पाठवला."

"आणि दिवा?"

"एक दिवस नाही लागला तर बघायला कोण येतंय?"

मग म्हटलं, "मग इतकी वर्षं मी धावत कुणासाठी येत होते?"

"ते तुझं तुला माहीत," हे म्हणाले. "मी कधी ये म्हटलं होतं?"

हे खोटं बोलत असते तर मी कडाकडा भांडले असते. पण ह्यांना खरंच आठवत नव्हतं. चेहराच सांगत होता.

मी जाऊन दिवा लावला. पहिली काडी विझली. मग तिथेच पाटावर बसून चांगली हुंदके देऊन रडले. हे दाराशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "चहा टाकू?" म्हटलं, टाका. साखर जास्त पडली होती, तरी प्यायले.

माशाचा फोटो मात्र सुरेख आलाय. मुलाने मोठा करून, चौकटीत घालून पाठवला. टीव्हीच्या वर लावलाय. आल्यागेल्याला हेच हौसेने दाखवतात, "आमच्या हिने काढलाय, संध्याकाळच्या उन्हात."

पुढच्या रविवारी पूर्णगडला जायचं ठरलं होतं. कॅमेरा खांद्याला अडकवून पायरीवर चपला घालत होते.

"जा," हे पेपरातून म्हणाले, "पण दिवेलागणीच्या आत ये."

मी वळून बघितलं. वाटलं, थट्टा करतायत. थट्टा नव्हती. हे पान उलटत होते.

चारच्या एसटीने आले.