आक्कांचा उजवा हात

माझ्या थोरल्या दिरांइतका हवेत राहणारा माणूस भीमेच्या दोन्ही काठांवर शोधून सापडायचा नाही. घरात सगळे त्यांना आप्पा म्हणत. साखर कारखान्यात ऊस उचलायच्या क्रेनवर ते कामाला होते, आणि घरी आले तरी क्रेनवरून खाली उतरत नसत. जेवायला बसले की आधी पाची बोटं हवेत उघडायची, मग सावकाश भाकरीवर उतरवायची. बैल पाण्यावर नेले की बगळ्याची मान कशी वळते ते बघत बसायचे. बैल आपले आपण घरी यायचे. एकदा मी पदर सावरून दाराआडून चहा सरकवला, तर कप तसाच ठेवून विचारतात, "पोरी, मनगटात सांधं किती आस्त्यात गं?" मी आत पळाले.

हे सगळं आक्कांसाठी चाललं होतं. आक्का म्हणजे त्यांची बायको, माझी थोरली जाऊ. लकव्यानं त्यांचा उजवा हात गेला होता. "डाव्या हातानं आन्नाला शिवू? न्हाई बाई," म्हणायच्या. कुणाला भरवूही द्यायच्या नाहीत. दूध-ताकावर दिवस काढायच्या आणि वाळत चालल्या होत्या.

आप्पांनी दौंडच्या बाजारातून ट्रकच्या वायपरच्या जुन्या मोटारी आणल्या, पत्रा आणला, मुलांच्या व्हिडिओ गेमचा बटणांचा डबा आणला. आक्कांचा उजवा पंजा कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली. त्याला इतका वेळ लावला, की मीच तोंड वळवलं. डबा डाव्या हातात धरायचा, बटण दाबलं की पत्र्याचा हात वर जाणार, खाली येणार, मूठ मिटणार. पहिल्याच दिवशी त्यानं सासूबाईंचा पदर धरला.

"सोड रं मुडद्या!" सासूबाई ओरडल्या.

आप्पा शांतपणे म्हणाले, "आई, सोडायचं बटण आजून बसवलं न्हाई."

चार महिन्यांनी ओसरीवर ताट मांडलं. आक्कांनी बटण दाबलं. हात झोपेतून उठल्यासारखा पिठल्याकडं वळला. आक्का बघत राहिल्या.

"आवो, ह्याचा आंगठा हिकडं कसा?"

आप्पांनी वाकून पाहिलं. पत्रा कापताना कागद पालथा पडला होता. चार महिने खपून त्यांनी डावा हात केला होता.

आक्कांना हसू आवरेना. दुखण्यानंतर त्या हसलेल्या मी पहिल्यांदा पाहिल्या. "डाव्यानंच जेवायचं, तर माझा काय वंगाळ हाय?" म्हणाल्या. डबा खाली ठेवला आणि आपल्याच डाव्या हातानं भाकरीचा तुकडा मोडला.

आप्पा उजवा हात मांडीखाली दाबून शेजारी बसले आणि डाव्या हातानं जेवू लागले. पिठलं निम्मं मिशीला लागलं.

पुढं कितीतरी वर्षं दोघं तशीच जेवली. आता आक्का नाहीत. पाहुणे त्यांच्या डाव्या हातानं जेवण्याचं विचारतात, तर आप्पा म्हणतात, "सवय लागली." मी त्यांच्या पाण्याचा तांब्या तेवढा ताटाच्या उजव्या अंगाला ठेवते.