बूटवाले देव

बर्मिंगहॅमजवळच्या आमच्या छोट्याशा मराठी मंडळात पद्माकर तीस वर्षं खुर्च्या मांडत आले. भाषणं इतरांनी ठोकायची, खुर्च्या पद्माकरांनी मांडायच्या. माणूस इंजिनिअर, पण आमच्याकडे इंजिनिअरांना कोण विचारतो?

रिटायर झाल्यावर ते बायकोला, अरुणाताईंना, घेऊन तुर्कस्तानात गेले आणि तिथे हित्ती लोकांनी तीन हजार वर्षांपूर्वी कातळात कोरलेले देव पाहून वेडे होऊन परतले. वादळाचा देव तेशुब, समोर त्याची बायको हेपात, मागे उंच टोकदार टोप्या घातलेल्या देवांची रांग. भेटेल त्याला ते ही नावं ऐकवायचे आणि आम्ही घड्याळ बघायचो.

यंदा गणपतीच्या सजावटीला कोणी पुढे येईना, म्हणून कमिटीने नाइलाजाने त्यांना हो म्हटलं. चार महिने गॅरेजमध्ये थर्माकोल कोरून त्यांनी ती सगळी रांग उभी केली. काम सुरेख झालं, आमचा जळफळाट व्हावा इतकं. त्यांची इच्छा एवढीच होती की लोकांनी एकदा तरी या देवांना त्यांच्या नावाने ओळखावं.

आदल्या दिवशी सेक्रेटरी तनया हॉलवर आली. ती बँकेत रिस्क सांभाळते, म्हणजे धोका नसला तरी शोधून काढते. तेशुब दोन डोंगरदेवांच्या वाकलेल्या मानांवर उभा होता आणि त्याच्या पायांत वर वळलेल्या टोकांचे बूट होते.

"काका, इट्स नॉट ॲप्रोप्रिएट," ती म्हणाली. "बूट घालून देवाच्या मानेवर? बाप्पाच्या मागे हे चालणार नाही."

मूळ शिल्पात तसंच आहे, हे पद्माकरांनी दोनदा सांगितलं. त्या बुटांनी कमिटीचं काय घोडं मारलं होतं कोण जाणे, पण बूट तरी जातील नाहीतर सगळी सजावट, असं ठरलं. पद्माकरांनी कटर घेऊन एकेक बूट तासला आणि तिथे बोटं कोरली.

दुसऱ्या दिवशी सेल्फीसाठी झुंबड उडाली. हे आपले इंद्र-इंद्राणी आणि वैदिक देव, असं अध्यक्षांनी माइकवर ठोकून दिलं. मग पद्माकरांना स्टेजवर बोलावून शाल पांघरवली आणि माइक पुढे धरला. "बरोबर ना, पद्माकरराव?"

तीस वर्षांतली पहिली शाल. पद्माकर म्हणाले, "हो, इंद्रच."

आम्ही टाळ्या वाजवल्या. मला त्यांचा राग आला आणि माझाही, कारण खरं नाव मलाही पाठ होतं.

अरुणाताईंनी टाळी वाजवली नाही. मला घरी सोडताना गाडीत शालीची घडी घालत त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, बूट कापलेत ते समजू शकते मी. निदान नाव तरी खरं सांगायचंत."