चित्रातली एक खिडकी

शहराच्या मधोमध असलेला आमचा मॉल पाडून तिथं नवा टॉवर होणार आहे. दारात त्याचं भलंमोठं चित्र लावलंय. ज्यांना उठवायचं त्यांनाच चित्र दाखवायची ही रीत कुणी काढली, कोण जाणे!

आत सरकता जिना कधीचा थांबलाय. साड्यांना फॉल-पिको करणाऱ्या नंदाताईंचं दुकान तेवढं उघडं असतं. परवा सकाळी दुकानाला उदबत्ती ओवाळून त्या मॉलच्या दारातल्या चित्रापाशी आल्या.

"यात आपलं दुकान कुठं येईल हो?"

मी शोधलं. नुसती काच, आणि काचेआड हसरी माणसं. त्यांत एकही साडी नव्हती.

"इथं असेल," मी एका खिडकीवर बोट ठेवलं.

आता त्या रोज तिथंच ओवाळतात. चकचकीत टॉवरची ती एकच खिडकी धुरानं काळवंडत चालली आहे.