राखणबोटीवरचा थोरला मुलगा

माझा दीर ताम याच्याबद्दल गावात दोन मतं आहेत आणि दोन्ही माझ्याच टपरीवर बसून मांडली जातात. काही म्हणतात, बिचारा देशापायी वाया गेला. बाकीचे म्हणतात, पापी माणूस, असंच व्हायचं होतं. मी कॉफी गाळते आणि ऐकते. कधी फारच झालं तर म्हणते, "बर्फ वितळतोय, आधी प्या." नवरा गेला त्या वर्षापासून बंदरावर बसते आहे, लोकांच्या तोंडाला हात लावता येत नाही हे मला कळून चुकलंय.

नवरा गेला तो सत्त्याण्णवच्या वादळात. बोटीवर दोघं भाऊ होते. ताम परत आला, माझा माणूस आला नाही. तामचं म्हणणं, बोट उलटल्यावर खालून काहीतरी गुळगुळीत, रुंद आलं आणि त्याला पाठीवर घेऊन पहाटेपर्यंत वर ठेवलं. आमच्या किनाऱ्यावर हे ऐकून कोणी हसत नाही. देवमाशाला इथे कोणी मासा म्हणत नाही, आजोबा म्हणतात. आजोबा बुडत्याला उचलतात. मी मात्र तेव्हाच त्याला विचारलं होतं, "पाठ एवढी रुंद होती तर दोघं मावले नसते का रे?" त्या दिवसापासून माझ्या घरचा तांदूळ तोच भरतो. आजोबांवरचा माझा राग गेला नाही, पण तामवर मी कधी रागावू शकले नाही.

तो मूळचा जाळ्याचा माणूस. पुढे मासे कमी झाले, डिझेल महागलं, आणि एक दिवस वुंग ताऊ शहरातल्या तेल कंपनीची माणसं आली. लांब पूर्वेच्या पाण्यात तेल शोधायचं होतं. त्या पाण्यावर आमचा हक्क आहे, आणि वरचेही म्हणतात त्यांचाच आहे. 'वरचे' म्हणजे उत्तरेकडचा कुठला देश ते आमच्याकडे पोरंसुद्धा विचारत नाहीत. सर्वेक्षणाचं जहाज मागे सात-सात किलोमीटरच्या केबली ओढत फिरतं आणि दर दहा सेकंदांनी पाण्यात हवेचा बार उडवतं. खालच्या खडकावरून आवाज परत येतो, त्यावरून तेल आहे की नाही ते कळतं म्हणे. त्या केबलींवर कोणाची बोट जाऊ नये म्हणून चार लाकडी राखणबोटी लागत होत्या. लोखंडी सरकारी जहाजं पुढे घातली तर भांडण पेटतं. लाकडी बोट म्हणजे गरीब कोळी, चुकून तिथे आलेला. तामला हे पटवून दिलं की कोळ्यांची बोट जिथे उभी राहते तिथे देश उभा राहतो. त्याला ते वाक्य फार आवडलं. आठवडाभर माझ्या टपरीवर ज्याला त्याला ऐकवत होता.

"मग पगार देश घेणार का तू?" मी विचारलं.

"वहिनी, तुला सगळ्यात खोट दिसते."

"खोट दिसत नाही रे. तू दिसतोस, म्हणून बोलते."

पहिलं वर्ष त्याने काय केलं असेल, तर भोंगा हातात घेऊन आपल्याच गावच्या बोटी हाकलल्या. जाळी केबलीत अडकली तर नुकसान कोणाचं? शेजारच्या गल्लीतला बाय नावाचा कोळी एकदा भोंग्याला उत्तर म्हणून ओरडला होता, "ताम, माशांनासुद्धा परवाना मागायला लागलास का?" बंदरावर ते महिनाभर चघळलं गेलं. ताम खाली मान घालून कॉफी प्यायचा. पण वरच्यांची पांढरी जहाजं आली की हाच माणूस आपली अठरा मीटरची बोट त्यांच्या वाटेत आडवी घालायचा. एकदा त्यांच्या लाटेने स्वयंपाकघराची भिंत फुटली. बोटीवरचा स्वयंपाकी फुंग सांगत होता, "भात सगळा समुद्रात, आणि ताम दादा म्हणतोय जागा सोडायची नाही."

आजोबा भेटले ते दुसऱ्या वर्षी, चौथ्या महिन्यात. सकाळची वेळ होती. तामनेच पहिल्यांदा पाहिलं. केबलीच्या वाटेवर, पोट वर करून तरंगत होते. अंगावर जखम नव्हती, कानाशी थोडं रक्त होतं. कशाने गेले ते मला विचारू नका. दर दहा सेकंदांनी घराच्या भिंतीवर कोणी घण घातला तर तुम्ही किती दिवस जगाल, एवढंच मी म्हणेन.

रीत काय आहे ती सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. गेलेल्या आजोबांना जो पहिल्यांदा पाहतो तो त्यांचा थोरला मुलगा. त्याने हातातलं काम टाकून त्यांना किनाऱ्याला आणायचं, बापासारखं पुरायचं, डोक्याला शोकाची पट्टी बांधून तीन वर्षं सुतक पाळायचं आणि मग हाडं धुऊन आजोबांच्या देवळात ठेवायची. हा मान मिळावा म्हणून लोक आयुष्यभर वाट पाहतात. तामने तर बावीस वर्षं पाहिली होती.

त्याने बिनतारीवर सर्वेक्षणाच्या जहाजाला कळवलं. तिथे बसत होता खुए साहेब, दूर डोंगरातल्या गावचा पोरगेला अधिकारी. चारही बोटींवर ते बोलणं ऐकू गेलं, त्यामुळे फुंगच्या सांगण्यात तिखटमीठ असलं तरी खोटं नाही.

"साहेब, आजोबा गेले," ताम म्हणाला.

"अरेरे. ऐकून वाईट वाटलं, ताम काका. कधी?"

"कालपरवाच गेले असावेत. आज दिसले."

"वय काय होतं?"

"ते कसं सांगणार? अकरा मीटर भरतील."

मग साहेब म्हणाला, "काका, झोप झाली आहे ना तुमची?"

बाकीच्या तीन बोटींवर माणसं पोट धरून हसली. तामने समजावून सांगितलं. चार दिवस मागितले, दोन जायला, दोन यायला. साहेबाला आता कळलं आणि त्याचा आवाज बदलला. "मासा आहे तो, काका."

"मासा म्हणू नका, साहेब."

"बरं, नाही म्हणत. पण वरचे सहा मैलांवर आहेत. चारातली एक बोट निघाली की त्या फटीतून ते आत शिरतील. केबल तोडली तर सगळं संपलं. तुम्हीच म्हणता ना, तुमची बोट तिथे देश आहे म्हणून? देश चार दिवस रजेवर कसा जाईल?"

"दुसरी बोट पाठवा."

"दुसरी नाही. दोरी बांधा, केबलीपासून लांब ओढून सोडा, दुपारच्या आत जागेवर या. हा हुकूम आहे."

तासाभराने तामने बोटीवरचं लाल कापड काढलं, उडी मारून स्वतः आजोबांच्या डोक्यावर बांधलं, तांदळाची दारू ओतली, उदबत्त्या लावल्या. फुंग म्हणतो, वाऱ्याने विझत होत्या आणि दादा पुन्हा पुन्हा लावत होता. पूर्वेला पाच मैल ओढत नेलं. दोरी सोडताना म्हणाला, "नऊ-दहा दिवस थांबा. बदली बोट आली की मी येतो." आणि परत येऊन जागेवर उभा राहिला. ह्या गोष्टीसाठी मी त्याला कधी माफ करत नाही आणि कधी दोषही देत नाही. तो खरंच समजत होता की तिथे देश उभा आहे.

नवव्या दिवशी कोणी केबल तोडली नाही, कोणी गोळी झाडली नाही. नुसता वुंग ताऊहून निरोप आला की केबली गुंडाळा आणि घरी चला. कोणी कोणाला फोन केला, कोण कोणाला घाबरलं, ते आमच्यापर्यंत पोचत नाही. वर्तमानपत्रात चार ओळीही नव्हत्या. परतताना तामने बोट पूर्वेला वळवून दोन दिवस शोधलं. लाल कापडसुद्धा दिसलं नाही. धक्क्यावर लागताच माणसं चढली, जागा दाखवणारी यंत्रं काढून नेली आणि सगळ्यांच्या सह्या घेतल्या की कुठे होतो ते बोलणार नाही.

ताम घरी न जाता तसाच देवळात गेला. देवळाचे मुख्य मान काका दारात बसले होते. त्याने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही, आणि शोकाची पट्टी मागितली.

मान काका म्हणाले, "थोरला मुलगा बापाला पाण्यात सोडून नोकरीवर जातो, असं मी आजवर ऐकलं नव्हतं."

"माझं चुकलं. पण मुलगा तर मीच आहे ना?"

"हाडं कुठे आहेत?"

"नाहीत."

"मग कुठे सापडले, कोणत्या दिवशी, ते शिक्क्याच्या कागदावर आण. पाटी बसवू, पट्टी देऊ. नाहीतर उद्या कोणीही उठेल आणि म्हणेल मी थोरला."

फुंग आणि बाकीचे साक्ष द्यायला तयार होते, पण जागेचं नाव काढलं की सही आठवायची आणि सगळे मूग गिळून बसायचे. तामने वुंग ताऊला सहा अर्ज केले. एकाचंही उत्तर आलं नाही. बोट विकली. सुतकाशिवाय समुद्रावर जाणार नाही म्हणाला, आणि सुतक कोणी देत नव्हतं. बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढायला लागला. माझ्या टपरीचा बर्फ तोच आणतो.

ह्या वर्षी चौथ्या महिन्यात खुए साहेब स्वतः गावात आला. सरकारी कचेरीत चार राखणबोटींच्या मालकांना चौकटीतली प्रशस्तिपत्रं दिली, टाळ्या झाल्या. तामच्या पत्रावर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं की सागराच्या रक्षणात मोलाची कामगिरी केली. कुठल्या सागराच्या, ते नव्हतं. नंतर साहेब तामबरोबर माझ्याकडे कॉफी प्यायला बसला. माणूस वाईट नव्हता, हे मला सांगावं लागतं. तामच्या हाताला बर्फाने पडलेल्या भेगा बघून त्याची नजर खाली गेली होती.

ताम म्हणाला, "साहेब, एक कागद पाहिजे. त्या दिवशी आपण कुठे होतो, तेवढंच. मला आकडे पाठ आहेत, तुमचा फक्त शिक्का द्या. देवळाला हवाय."

"काका, ते नाही होणार."

"तेलाचं नाव नको, जहाजाचं नको. फक्त आजोबांची जागा."

"समजून घ्या. ते सगळं मिटवलंय. कागदोपत्री त्या महिन्यात त्या पाण्यात आपलं कोणी नव्हतंच. जहाज नव्हतं, बोटी नव्हत्या. आपण तिथे नव्हतो."

मी गाळणी धुता धुता थांबले. ताम मान हलवत राहिला, हळूहळू, जसं काही अवघड गणित त्याला आता समजत होतं.

"तुम्हीही नव्हता?" त्याने विचारलं.

"मीही नव्हतो."

"म्हणजे मला अडवायला कोणी नव्हतंच."

साहेब कॉफी अर्धी ठेवून उठला, मला नमस्कार केला आणि गेला.

त्या दिवसापासून ताम देवळाकडे फिरकला नाही, अर्जही केला नाही. आधी कोणी विषय काढला की तो हुकमाचं सांगायचा, सहा मैलांवरच्या वरच्यांचं सांगायचा, आणि ऐकणारे निदान गप्प तरी बसायचे. आता बाय विचारतो, कोणी परगावचा विचारतो, की आजोबांना पाण्यात का सोडलं. ताम बर्फाची लादी खाली ठेवतो आणि म्हणतो, "मीच सोडलं. दुसरं कोणी नव्हतं तिथे."