दह्याचा बारावा चमचा

आमचे हे गल्लीच्या फुटबॉल टीमचे मॅनेजर आहेत आणि त्याच टीममधल्या एका पोराला घाबरतात. त्या पोराला मीही घाबरते. (पण मी दूधवाल्यालाही घाबरते, म्हणून माझं कुणी धरत नाही.)

ते पोर म्हणजे महेश. टीममध्ये गोल मारतो तो एकटाच. आणि इकडं कानडी मुलखात, यशवंतपुरात, ज्या घराच्या माडीवर आम्ही भाड्यानं राहतो, ते घर त्याच्या आईचं, गौरक्कांचं. आता मॅनेजर मोठा की खेळाडू, तुम्हीच सांगा!

बाजारात कांद्याच्या गाळ्यावर हे असे ओरडतात, की पोती आपणहून लॉरीत चढावीत. महेशपुढं मात्र, "बाळा, जमलं तर स्वल्प पळशील का?"

सेमीफायनलच्या आधी महेश आठवडाभर सरावाला फिरकलाच नाही. आदल्या संध्याकाळी ह्यांनी छाती पुढं काढली.

"उद्या बसवणार मी त्याला!"

"कुठं?" मी विचारलं.

"बाकावर!"

"आणि गौरक्कांनी घर सोडा म्हटलं तर? सांगितलंत का त्याला?"

"सांगायचं काय त्यात? तू दही देऊ नकोस. कळेल त्याला."

आमच्याकडं मॅचच्या सकाळी मी दारात दही-साखर घेऊन उभी राहते. खेळणाऱ्यांच्या तळहातावर एकेक चमचा, बाकीच्यांना नुसता चहा. ही पद्धत ह्यांचीच, कारण "तू बाहेर" म्हणायला ह्यांना तोंड उघडत नाही. चहा हातात आला की माणूस ओळखतो आणि गप्प बसतो.

सकाळी पोरं रांगेत आली. ह्यांनी खेळणारे अकरा जण मला सांगून ठेवले होते. अकरा चमचे बरोबर गेले. मग समोर एक भलामोठा तळहात आला. वर बघायची गरजच नव्हती!

"द्या अक्का."

मी चहाच्या कपाकडं हात नेला. खरंच नेला! पण तो हात वाटेतच वळला, आणि बघते तर महेशच्या तळहातावर दही. वर साखरही जास्त पडलेली!

"सरी," म्हणजे बरं, असं म्हणून त्यानं हात चाटला.

मैदानावर रेफरीनं शिट्टी मारली. "बारा कसे? एक बाहेर!"

कुणी हलेना. पोरं ह्यांना म्हणाली, "आम्ही दही खाल्लंय, अण्णा!" दही खाऊन बाहेर बसलं तर पाय मोडतो, असा नियम एकानं तिथल्या तिथं काढला.

ह्यांनी महेशकडं पाहिलं. महेश खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागला. ह्यांनी कट्ट्यावर पाहिलं. तिथं गौरक्का, पदर खोचून! शेवटी ह्यांनी टीममधलं सगळ्यात गरीब पोर बाहेर काढलं.

ते पोर गोलकीपर होतं!

मग बचावातल्या एकाला हातमोजे घालून गोलात उभं केलं. आता आपल्याला हात लावता येतो, हे त्याच्या ध्यानातच राहीना. बॉल आला की तो बाजूला होऊन वाट द्यायचा. किती गोल झाले ते मी पाहिलं नाही, मी डोळ्यांवर पदर घेतला होता.

संध्याकाळी जिन्यावर पावलं वाजली. मी मनातल्या मनात भांडी पोत्यात भरायला घेतली.

"माझ्या पोराला दही कुणी दिलं?" गौरक्कांनी दारातूनच विचारलं.

ह्यांनी ताबडतोब माझ्याकडं बोट दाखवलं. (एवढा झटपट निर्णय ह्यांनी मैदानावर कधी घेतला नाही!)

"त्यानं... हात पुढं केला..." मी पुटपुटले.

"आठवडाभर लोळत पडलेल्या पोराला खेळवता? अगं, तो माझं ऐकत नाही, निदान तुमचा तरी धाक राहू दे! पुन्हा दिलंस तर बघ!"

घर वाचलं! आता तर त्याला बसवायला आईचीच परवानगी. पुढच्या स्पर्धेतल्या पहिल्या मॅचला हे डावीकडं, गौरक्का उजवीकडं, दोघंही मला डोळ्यांनी खुणावतायत. महेश पुन्हा आठवडाभर लोळलेला. त्यानं हात पुढं केला. मी दात घट्ट आवळले, देवाचं नाव घेतलं, आणि त्याला दही दिलं. ह्या वेळी दोन चमचे!

त्याच्या पुढच्या मॅचला मी दह्याचं पातेलं घेऊन दारात आले, तर गौरक्का आधीच तिथं चमचा घेऊन उभ्या. हे कुठं दिसेनात. महेश मात्र माझ्याकडं आला. त्याच्या हातात चहाचा कप होता आणि तो त्यानं माझ्यापुढं धरला.

"अक्का, अण्णांनी निरोप दिलाय. आजपासून दही आई देणार. तुम्ही बसा."

"कुठं?" मी विचारलं.

"बाकावर!"

मी कप घेतला आणि गप्प बसले. इतक्या वर्षांत आमच्या मॅनेजरांनी एकालाच धाडसानं टीमबाहेर काढलं, ते मला. आणि तेही तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही!