सासऱ्यांच्या आईची अविधवा नवमी

इथल्या युद्धाच्या म्युझियमला निघताना मी बाबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, गोळ्या, पाणी आणि एसीसाठी शाल घेतली होती. ते तिथे नेमकं काय विचारणार आहेत, ते मात्र मला टॅक्सीत कळलं.

बाबा रांगत होते तेव्हा त्यांचे वडील महायुद्धात फौजेबरोबर इथे मलायात आले. जपान्यांच्या कैदेतून निसटून ते जंगलातल्या लढवय्यांत सामील झाले, एवढं एका सोबत्याने परत येऊन सांगितलं. पुढे काही कळलं नाही. आजेसासूबाईंनी कुंकू पुसलं नाही. त्या सवाष्ण म्हणूनच गेल्या. बाबा दर पितृपक्षात त्यांची अविधवा नवमी करतात. वडिलांचं श्राद्ध त्यांनी कधीच केलं नाही. वडील गेले असं एकदा मानलं, की आमच्यात आईची नवमी बंद होते.

"वडील गेले असं मानायचं की नाही, हे माझ्यामागे कोण ठरवणार?" बाबा म्हणाले. "तू?"

"मी कशाला?"

"घरातलं बाकी सगळं ठरवतेस की."

आत जंगलातल्या माणसांचे फोटो होते. बाबा प्रत्येकासमोर वाकत होते. वडिलांचा एकच फोटो त्यांनी पाहिलेला, लग्नातला, चेहरा अर्धा मुंडावळ्यांनी झाकलेला. जपान्यांनी कैद्यांचा छळ केला त्या खोलीपाशी मी वाट अडवून उभी राहिले.

"बाबा, इथे नको."

"सरक."

त्या खोलीत ते बराच वेळ उभे होते.  मग तिथल्या गाईड बाईंना त्यांनी माझ्यामार्फत विचारलं, "जंगलातल्या माणसांचं शेवटी काय झालं?"

त्या जपून बोलल्या. जंगलात मेलेल्या सगळ्यांची नावं कुणाकडे नाहीत. युद्ध संपल्यावर उरलेले बाहेर आले. ज्यांना घरी जायचं होतं, ते गेले.

शेवटचं वाक्य मराठीत सांगताना मी अडखळले.

"नीट सांग," बाबा म्हणाले.

मी सांगितलं.   मी त्यांचा हात धरला, त्यांनी सोडवून घेतला.

"आईला टाकून राहणारा माणूस नव्हता तो. जिवंत असता तर आलाच असता."

मी पाण्याची बाटली पुढे केली.

"यंदापासून नवमी नको," ते म्हणाले. "सर्वपित्रीला दोघांची पानं शेजारी शेजारी वाढ."

आणि माझी वाट न पाहता ते पुढच्या दालनाकडे निघाले.