कोरं पाणी

माझ्या सासरी पाणी प्यायला मिळे, पण पाण्यासारखं पाणी कधी मिळत नसे. विहिरीवरून दोन खेपा करून यावं, घामाघूम होऊन माठातून पेला भरावा, तर पेल्यात आधीच काहीतरी पोहत असायचं. कधी काकडीच्या चकत्या, कधी पुदिन्याच्या काड्या, कधी कैरीच्या फोडी. एकदा तर मुळा होता. मुळ्याचं पाणी ज्याने उन्हातून आल्यावर प्यायलं नाही, त्याला माझं दुःख कळायचं नाही.

हे सगळे उद्योग माझ्या सासऱ्यांचे. मी त्यांना मामाजी म्हणत असे. सारं देऊळघाट त्यांना कंपौंडर म्हणायचं. वऱ्हाडातल्या दोन-तीन दवाखान्यांत मिक्श्चरं ढवळण्यात उमर घालवून ते पेन्शनीवर घरी बसले होते. बसले म्हणायचं एवढंच. मी कधी साधं पाणी मागितलं, की चष्म्यावरून माझ्याकडे बघत आणि म्हणत, "कोरं पाणी काऊन पेतं, सूनबाई? कोरं पाणी तं ढोरं पेते."

पाणी भरायचं मी आणि त्यात भाजी टाकायची त्यांनी. चैत्र लागला की आमची विहीर तळाला जायची, पोहरा दगडावर खणखण वाजायचा. असं खरवडून आणलेलं पाणी डोक्यावरून उतरवते न उतरवते, तोच मामाजी विळी आणि औषध मोजायचा औंसाचा पेला घेऊन हजर. बरं, त्यांना घाईने काही करता येत नसे. फोडी एकसारख्या हव्यात, बिया वेगळ्या काढायला हव्यात, फडकं उकळून वाळवलेलं हवं. तोवर मी तहानेने कासावीस होऊन उभी. घागरीतलं थोडं तसंच द्या म्हटलं, तर म्हणायचे, "सबर कर. औषध मुरू द्या लागते."

दवाखान्यात तेव्हा औषधाच्या बाटलीवर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवत. एकेका खाचेएवढा एकेक डोस. मामाजींनी ती पद्धत घरी आणली. माझे यजमान गावच्या शाळेत मास्तर. ते रोज लिंबाच्या पाण्याची बाटली घेऊन जात, तिच्यावर तीन खाचांची पट्टी. शाळा भरताना एक, मधल्या सुट्टीत एक, शाळा सुटल्यावर एक. संध्याकाळी मामाजी बाटली उजेडात धरून बघत. तिसरी खाच शिल्लक दिसली की मास्तरांना पोरासारखा जाब द्यावा लागे. मला हसू यायचं, पण फार वेळ नाही, कारण पुढची पाळी माझी असे.

पाणी नुसतं पिऊन भागत नसे. ते कसं लागलं हे सांगावं लागे. "बरं हाय" म्हटलेलं चालत नसे. मामाजी समोर पाटावर बसत, वही उघडत आणि विचारत, "बरं म्हंजे? पयले काय लागलं? मंग काय लागलं? गिळल्यावर काय राह्यलं?" चुलीवर भाकरी करपते आहे, दारात भाजीवाली ओरडते आहे, आणि मी जिभेवर काय राहिलं ते आठवत उभी! नव्या सुनेच्या हातचं खाऊन बघतात, हे मी ऐकलं होतं. आमच्याकडे सुनेची जीभच तपासायला घेतली होती.

लग्नानंतर दोन महिन्यांनी मी एकदा ह्यांच्यापाशी रडले. तेव्हा ह्यांनी दाराकडे बघत हळूच सांगितलं, "बापूले चव नाही. तोंडाले बी नाही अन् नाकाले बी नाही." हे लहान असताना साथीचा ताप आला होता. त्या तापात माझ्या सासूबाई गेल्या आणि मामाजी उठले ते जीभ गमावून. सासूबाई तापातही त्यांच्यासाठी माठात काकडी आणि पुदिना टाकून ठेवत. तेवढी एक चव त्यांना आठवत होती. नाकाला वास कळत नाही असा कंपौंडर दवाखान्यात कोण ठेवील? म्हणून त्यांनी ही गोष्ट लपवली, आणि पुढे प्रत्येक बाटलीवरचं नाव तीन-तीनदा वाचून नोकरी निभावली. गावात कोणालाच हे ठाऊक नव्हतं.

हे कळल्यावर माझी जास्तच पंचाईत झाली. आता रागवायचीही चोरी! इतकी वर्षं हे "बरं हाय, बापू" म्हणून निसटत आले होते. घरात नवी जीभ आली तीच मामाजींना सापडली. काकडीचं तर विचारू नका. टोक कापून काकडीवर घासलं, फेस आला, की कडूपणा उतरतो म्हणतात. मामाजी ते नेमाने करत. पण मग एक चकती खाऊन बघावी लागते, आणि ती चकती रोज माझ्या तोंडात यायची. उन्हाळाभर मी शेळीसारखी चघळत होते.

वैशाखात माझे बाबा मला माहेरी, डोणगावला, न्यायला आले. देऊळघाटहून बैलांच्या दमणीने बुलढाण्याला जायचं आणि तिथून दिवसातली एकुलती एक मोटार गाठायची. मी गाठोडं बांधत होते, म्हणून त्या दिवशी चकती चाखायला कोणी नव्हतं. मामाजींनी व्याह्यांसाठी काकडीचं पाणी केलं आणि मोठा पेला भरून दिला. बाबांनी पहिला घोट घेतला आणि त्यांचे कान हलले. पण व्याह्याच्या घरचं पाणी! त्यांनी डोळे मिटून पेला रिकामा केला आणि म्हणाले, "वा! लय गोड हाय पाणी."

"मंग आणखी घ्या ना," मामाजी म्हणाले, आणि दुसरा पेला भरला. तोही बाबा प्यायले. मग मामाजी माझ्याकडे वळले. "सूनबाई, तू सांग. व्याही शिष्टाचारानं बोलत असतीन. तुही जीभ खोटं बोलत नाही."

मी घोट घेतला. कडूजहर! पण तसं म्हटलं असतं, तर नवी काकडी आली असती, नवा माठ लागला असता, वही उघडली असती आणि माझी मोटार निघून गेली असती. तीन महिन्यांनी आईचं तोंड दिसणार होतं. मी म्हणाले, "गोड हाय, मामाजी." त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि वाटेसाठी एक बाटलीही भरून दिली. गाव मागे पडल्यावर बाबांनी ती एका बाभळीच्या बुडाशी ओतली आणि म्हणाले, "पोरी, तुहा सासरा देवमाणूस हाय. पण तुले हे रोज प्या लागते काय?"

पंधरा दिवसांनी हे मला घ्यायला बुलढाण्याला आले. दमणीत बसल्यावर सांगू लागले, की मामाजींनी आज बाजाराच्या दिवशी निंबाखाली पाणपोई घातली आहे. दोन रांजण, आणि दोन्हींत काकडी. काकडी आमचे शेजारी रहीमचाचा यांच्या नदीतल्या वाडीची. हे म्हणाले, "रहीमचाचानं बजावलं व्हतं, कंपौंडरसाब, उन्हानं वेल सुकले, ककडी कडू येऊन राह्यली, चाखून टाका. तं बापू म्हणे, तुह्याच वेलाची काकडी माह्या सूनबाईनं चाखली हाय. गोड हाय."

मी ह्यांना म्हटलं, "बैलं हाका." हे विचारू लागले, "काऊन? काय झालं?" मी म्हटलं, "हाका म्हणते ना!"

आम्ही पोहोचलो तेव्हा निंबाखाली माणसं जमली होती. रांजणांना ओलं लाल फडकं गुंडाळलेलं, आणि मामाजी त्या उन्हात दवाखान्यातला जुना कोट घालून ओगराळं हातात धरून उभे. धामणगावकडचा एक बैलांचा व्यापारी थुंकत होता. "ओ बाबा, तहानल्या माणसाले हे काय पाजता? सोता पेऊन पाहा!"

मामाजींनी पेला भरला आणि सावकाश तळापर्यंत प्यायले. तोंडावर एक सुरकुती नाही. मग त्यांनी सगळ्यांकडे बघत विचारलं, "कडू हाय काय?"

कोणी हसलं नाही. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले, आणि जे तीस वर्षं लपलं होतं ते बाजारात सगळ्यांना कळलं. रहीमचाचा पुढे झाले. त्यांनी मामाजींच्या हातून पेला घेतला, स्वतः भरून प्यायले, तोंड वाकडं केलं आणि लोकांना म्हणाले, "कसूर मेरी ककडी का है. साब का नहीं." मग मामाजींना मी दिसले. "तू तं गोड म्हणलं व्हतं, सूनबाई," ते म्हणाले. एवढंच.

त्या दिवसापासून घरात कोरं पाणी आलं. विळी फळीवर गेली, बाटल्या पालथ्या पडल्या. मला हवं होतं ते सगळं मिळालं, आणि एक घोट गोड लागेना. मामाजी दोन शब्द रागाने बोलले असते, तर मीही चार बोलून मोकळी झाले असते. पण नाही! हा माणूस सकाळ-संध्याकाळ मुकाट्याने कोरं पाणी पिऊन पेला पालथा घालायचा. मला त्यांचा इतका राग कधी आला नव्हता, आणि स्वतःची इतकी लाजही कधी वाटली नव्हती.

नवव्या दिवशी मीच लिंबं चिरली, सालीसकट, बियांसकट माठात टाकली. दुपारी पेला भरला, त्यांच्यासमोर उभी राहून प्यायले आणि कोणी न विचारता म्हणाले, "पयले आंबट लागलं. मंग कडू लागलं. गिळल्यावर घशात कडूच राह्यलं. त्या दिवशीची काकडी याच्याहून कडू व्हती, मामाजी. मोटार चुकन म्हणून मी खोटं बोलली."

मामाजींनी माठात डोकावून बघितलं. मग म्हणाले, "बिया काऊन नाही काढल्या?" आणि विळी घ्यायला उठले. विळी घेताना पाठ माझ्याकडे ठेवून म्हणाले, "कडू तं कडू म्हणत जाय. मले दुसरी जीभ नाही, बाई."

झालं, पुन्हा सुरू! आणि आता तर मी खरं सांगायला बांधलेली. दुधीचं पाणी ओल्या भिंतीसारखं लागतं, असं एकदा सांगितलं. हा माणूस खूश! "कोणत्या भिंतीसारखं? मातीच्या का चुन्याच्या?" मी कपाळावर हात मारून घेतला. पुढच्या बाजारापासून काकडी रहीमचाचा चाखून देऊ लागले, आणि पाणपोईवर माणसं पाणी पिऊन झाल्यावर आपणहून चव सांगू लागली. मामाजी वही भरत बसत. माझं ओझं काही त्याने हलकं झालं नाही. घरी पहिला पेला माझाच होता.

पुढे एका उन्हाळ्यात ते अंथरुणाला खिळले. विळी हातात धरवत नव्हती. एका सकाळी मी त्यांना चमच्याने पाणी पाजत होते, तर विचारलं, "काय टाकलं?"

"काही नाही, मामाजी. कोरंच हाय."

"मंग त्याचं सांग ना."

मी पेल्यातला घोट घेतला. जन्मभर जे पाणी हवं म्हणून भांडले, ते मी कधी नीट प्यायलेच नव्हते. "पयले माठाची माती लागली," मी म्हटलं. "मंग जरासं खारट. विहीर खाली गेली ना, म्हणून."

"हाव," ते म्हणाले. त्यांचे डोळे मिटलेले होते, पण ते ऐकत होते. "अन् गिळल्यावर काय राह्यलं?"

पदराने त्यांचे ओठ टिपत मी म्हटलं, उद्या सांगते. दुसऱ्या दिवशी ऐकायला ते नव्हते.

आता माझ्या घरात कोरं पाणी हवं तेवढं आहे. त्यात कोणी काही टाकत नाही, कोणी वही उघडत नाही. तरी पेला तोंडाला लावला की मी मध्येच थांबते. पहिलं काय लागलं, मग काय लागलं, करत बसते. घरातली माणसं विचारतात, पाण्यात काही पडलं का? काय सांगू त्यांना! एवढी वर्षं झाली जाऊन, पण हा माणूस मला एक घोट सुखाने गिळू देईल तर शपथ.